जुनं दाखव, नवं ने

तायडे बाईंनी खराट्याच्या काडीने वर्तमानपत्राची घडी उलगडली, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "हे अजून एक वेळ चाललं असतं."

मी मान खाली घालून कोठीच्या दारात उभी होते. माझ्यामागे नऊ मुली, प्रत्येकीच्या हातात तशीच घडी. सकाळचे साडेसात वाजले होते आणि कोठीतून पोह्यांच्या पोत्यांचा वास येत होता. बाईंनी काडीनेच घडी मिटली, ती उचलायची मला खूण केली आणि कपाटातून एक पॅड काढून टेबलावर ठेवलं. पाकीट नाही, एक पॅड.

वसतिगृहाचा तो नियम होता. जुनं दाखव, नवं ने. मग जुनं मागच्या खड्ड्यात टाक आणि शाळेला पळ.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका संस्थेचं हे वसतिगृह होतं. आठवी ते बारावीच्या आम्ही बासष्ट मुली तिथे राहायचो. पॅड फुकट यायचे, खोकी भरून, कुठल्याशा कंपनीकडून. पण सुट्टीत मुली पाकिटं घरी नेतात आणि बहिणींना वाटतात, अशी कुणीतरी अध्यक्षांकडे चुगली केली. अध्यक्षांनी रेक्टर असलेल्या तायडे बाईंना झापलं. बाईंनी मग आपल्या अकलेने हा तोडगा काढला. चोरी होते म्हणून घरादाराला उपाशी ठेवणाऱ्यातली ती बाई. काडी त्यांनी खास खिडकीत ठेवली होती आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद होती, जणू आम्ही तिच्यासाठी टपून बसलो होतो.

त्याला आता आठ वर्षं झाली. अजून कुणाच्या घरी पोहे पुढे आले की मी बशी बाजूला सारते. लोकांना वाटतं मी नखरे करते.

गोकर्णा डाखोरे माझ्या खाटेशेजारची. दोघी बारावीला, मी आर्ट्सला आणि ती सायन्सला. तिला नर्सिंगला जायचं होतं. तिचे बाबा लोणारकडच्या एका गावात सालदार होते, पाटलाच्या शेतावर वर्षाच्या बोलीवर राबायचे. मुलीला शिकवायला त्यांची ना नव्हती. अट एकच होती, आणि ती गोकर्णाने मला पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. तिच्या नावाचा बोल त्यांच्या कानावर यायला नको. आला, की त्याच दिवशी पेटी उचलायची आणि आत्याच्या घरी सून म्हणून जायचं. आत्याचा मुलगा ट्रॅक्टर चालवायचा आणि वाट बघत होता. परीक्षा फेब्रुवारीत होती. तेवढे पाच महिने निघाले की झालं, असं ती म्हणायची.

गोकर्णा स्वतः पॅड वापरत नव्हती. आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे वापरायची, आणि मिळालेला प्रत्येक पॅड पेटीत साठवायची, तिच्या धाकट्या बहिणीसाठी. कावेरी आठवीत होती. तिच्या शाळेच्या संडासाला दार नव्हतं, म्हणून महिन्याचे चार दिवस ती घरी बसायची आणि नाव कमी करू अशी हेडमास्तरांनी चिठ्ठी पाठवली होती. म्हणजे अध्यक्षांकडे गेलेली चुगली खोटी नव्हती. गोकर्णा खरंच पॅड घरी न्यायची. पण कापड वापरणारीकडे दाखवायला काय असणार? म्हणून ती माझं दाखवायची.

पहिल्यांदा तिने मागितलं तेव्हा मला शिसारी आली. मी म्हणाले, तुला काही लाज आहे का. ती म्हणाली, "लाज बाईच्या काडीले नाही, मले कायले पायजे?" मग मी दाखवून आले की खड्ड्याकडे जायच्या वाटेवर ती उभी असायची. घडी घ्यायची, वरचा कागद बदलायची आणि दुसऱ्या दिवशी रांगेत लागायची. दोनतीन महिन्यांनी आम्हाला त्याचं हसू यायला लागलं. "सुचे," ती म्हणायची, "तुह्याच भरवशावर माह्या बहिणीची शाळा चालू हाय."

वसतिगृहात फोनला बंदी होती. माझ्याकडे भावाचा जुना फोन होता, पेटीत स्वेटरच्या बाहीत लपवलेला. न्हाणीघरात आवाज बंद करून मी तो बघायची. त्यातच मला 'बाजूला बसणार नाही' हे पान सापडलं. पुण्याच्या गार्गीताई ते चालवायच्या. पाळीला विटाळ म्हणू नका, पॅडवरचा कर काढा, शाळेत पॅड ठेवा, असं त्या लिहायच्या आणि लाखभर लोक वाचायचे. मी त्यांना काडीची हकीकत लिहिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. इतक्या मोठ्या बाई माझ्याशी बोलतात म्हणून मी न्हाणीघरात उभ्याउभ्या घामाघूम झाले.

त्यांनी माझा मजकूर माझ्या नावाने टाकला. मोहिमेला नाव हवं होतं, तेही मीच सुचवलं, 'दाखवणार नाही'. गार्गीताई म्हणाल्या, काय सुंदर सुचलं गं तुला. मी दोन दिवस हवेत होते. मजकुराला दोनशे चौदा लोकांनी पसंती दिली आणि मग सगळं थंड पडलं.

"लिहितेस छान तू," त्या फोनवर म्हणाल्या, "पण नुसतं वाचून कुणी हलत नाही. संस्थेचे लोक म्हणणार, असं काही नाहीच आमच्याकडे. लोकांना ते दिसलं पाहिजे."

म्हणजे 'दाखवणार नाही' ही मोहीम चालण्यासाठी कुणीतरी दाखवायला हवं होतं. आज हे लिहिताना मला त्यातला विनोद कळतो. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं, की फोन माझ्याकडे आहे.

रांगेत मी जायला हवं होतं. तक्रार माझी होती आणि नावही माझं चाललं होतं. पण मी गोकर्णाला म्हणाले, मला फोन धरावा लागेल, तुला तो चालवता येत नाही. हे खरंच होतं. मला भीती वाटत होती, हेही खरं होतं.

तिने वेणी सोडली आणि पुन्हा घातली. मग तिने विचारलं, "माह्यं तोंड?"

"पुसतात ते. काही दिसत नाही."

"बाबाले कोणी दाखवलं तर?"

"दाखवलं तरी ओळखू येणार नाहीस. आईची शपथ."

नियम गेला की पूर्ण पाकीट मिळेल, कावेरीला पुरून उरेल, असंही मी तिला सांगितलं. त्यावर ती तयार झाली.

गुरुवारी सकाळी मी न्हाणीघरामागच्या कपडे धुवायच्या दगडावर चढले. तिथून कोठीची खिडकी समोर यायची. गोकर्णा रांगेत शेवटी होती, हातात गेल्या आठवड्यात राखून ठेवलेली माझी घडी घेऊन. तिची पाळी नऊ दिवसांपूर्वीच बाईंच्या वहीत नोंदवली गेली आहे, हे आमच्या दोघींच्याही लक्षात राहिलं नव्हतं. बाईंच्या राहिलं होतं. त्यांनी घडी उलगडली, काडीने ते पॅड पालथं केलं, पुन्हा उताणं केलं, मासळी बाजारात बाया मासा पारखतात तसं. मग काडी तशीच धरून त्यांनी वर पाहिलं.

"डाखोरे, हे तुझंच कशावरून?"

गोकर्णा म्हणाली, "माहंच हाय, बाई."

"नऊ दिवसात दुसऱ्यांदा? घे आईची शपथ."

"आईची शपथ."

बाईंनी काडी तिच्या नाकासमोर नेली आणि तिला वास घ्यायला सांगितलं. तिने घेतला.

एक्केचाळीस सेकंदांचं चित्रीकरण झालं. खरं सांगायचं तर मी खूश होते. इतकं चांगलं मिळेल असं मला वाटलं नव्हतं. 'चांगलं' हाच शब्द तेव्हा माझ्या मनात आला होता.

मी ते पुण्याला पाठवलं. दुपारी गार्गीताईंचा फोन आला, त्यांनी एकदोन गोष्टी विचारल्या, मी उत्तरं दिली. शुक्रवारी ते पानावर आलं. गोकर्णाचा चेहरा खरंच पुसलेला होता. कपाळापासून गळ्यापर्यंत नुसता राखाडी डाग. मी तिला न्हाणीघरात नेऊन दाखवलं, नेहमीप्रमाणे आवाज बंद करून. तिने तीनदा पाहिलं आणि हसली. "मी तर भुतावाणी दिसून रायली," ती म्हणाली. आम्ही तोंड दाबून हसलो.

रविवारपर्यंत ते तीन लाख लोकांनी पाहिलं होतं. मी तासातासाला न्हाणीघरात जाऊन आकडा बघायची. मुलींना वाटलं मला जुलाब झालेत. खाली लोक लिहीत होते. जेवताना हे कशाला दाखवता. आमच्या आयांनी कापड वापरलं, त्या मेल्या नाहीत. बायकांनी लिहिलं होतं, रडू आलं, बघवत नाही, तरी शेअर केलंय. एकाने लिहिलं होतं, या डाखोरेचा नंबर द्या, मी तपासून सांगतो. त्याला नऊशे लोक हसले होते. मी ते वाचलं आणि पुढे सरकवलं, कारण वर आकडा वाढत होता.

आणि पुण्यात एका चौकात पन्नासेक बाया फलक घेऊन उभ्या राहिल्या. फलकावर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'हे तुझंच कशावरून?' बाईंचं वाक्य घोषणा झालं होतं. विचारणाऱ्या साऱ्या पुरुषजातीला उद्देशून ते आहे, असं गार्गीताईंनी लिहिलं होतं. लोकांना ते फार आवडलं.

सोमवारी अधिकारी आले. तायडे बाई निलंबित झाल्या. त्या जाताना कुणाशी बोलल्या नाहीत, रडल्या मात्र, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही. काडी कुणीतरी चुलीत घातली. संध्याकाळी दोन माणसं येऊन न्हाणीघरापाशी भिंतीत एक यंत्र बसवून गेली, बटण दाबलं की पॅड बाहेर. मुलींनी त्याला हळदकुंकू लावलं. आम्ही त्या संध्याकाळी अंगणात फेर धरून नाचलो, गोकर्णासुद्धा.

नाचून झाल्यावर ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथे शिपाईमावशी ओट्याला टेकून फोन बघत होत्या, आणि त्यांच्या फोनचा आवाज चालू होता. मी दारात होते. बाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. डाखोरे, हे तुझंच कशावरून? मावशींनी ते परत लावलं. गोकर्णाने पेला ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"आवाज बी हाय?" तिने विचारलं.

मावशींनी ते तिसऱ्यांदा लावलं.

"नाव बी हाय."

आमच्या वसतिगृहात डाखोरे एकच होती. तिच्या गावातून इथे शिकायला आलेली मुलगीही ती एकच होती.

मंगळवारी सकाळी तिचे बाबा आले. धोतर, पांढरी टोपी, हातात रिकामी पिशवी. त्यांना ऑफिसात बसवलं होतं. नव्या प्रभारी बाई त्यांना समजावत होत्या, मुलीचा काडीचाही दोष नाही, तिच्यामुळे सगळ्या मुलींचं भलं झालं, तुम्हाला अभिमान वाटला पाहिजे. मी आणि गोकर्णा दाराशी उभ्या होतो.

"मले समजते, मॅडम," ते म्हणाले. ते अगदी हळू बोलत होते. "पोरीचा दोष नाही. पण पारावरचे पोट्टे मले पाहून म्हणतात, डाखोरे, हे तुझंच कशावरून. मले म्हणतात. तिची माय पाण्याले गेली तर तिले म्हणतात. काल आमच्या लहानीले म्हणलं. मंग मी काय सांगू त्याईले? मोहीम हाय म्हणून सांगू?"

प्रभारी बाई टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या.

ती पोरं काय अर्थाने म्हणत असतील हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं. मी मागे न्हाणीघरात गेले आणि गार्गीताईंना फोन लावला. मी त्यांच्यावर ओरडले. तुम्ही नाव का ठेवलंत, तुम्हाला काय जातं पुण्यात बसून, तिचं शिक्षण गेलं. जे तोंडाला येईल ते बोलले. माझं संपल्यावर त्यांचा आवाजही रडवेला झाला होता.

"तिला घेऊन ये, मी तिची इथे सोय करते. तिच्या वडिलांशी मी बोलते, आत्ता," त्या म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या, "पण सुचिता, मी विचारलं होतं तुला."

विचारलं होतं. गुरुवारी दुपारच्या त्या फोनवर त्यांनी तेच विचारलं होतं. नाव ऐकू येतंय, ते कापते, पण कापलं तर बाईंचं ते वाक्य अर्धवट होतं, त्यातली जान जाते. ठेवायचं असेल तर त्या मुलीला विचार, तिची हरकत नसेल तरच ठेवू. एवढं स्पष्ट. तेव्हा गोकर्णा माझ्यापासून दहा पावलांवर तारेवर कपडे वाळत घालत होती. हाक मारली असती तर ओ दिली असती. मी फोनवर हात ठेवला, दहापर्यंत मोजलं आणि म्हणाले, "विचारलं. ती म्हणते, राहू द्या."

वाक्य फार चांगलं होतं. खाली माझं नाव येणार होतं, सुचिता इंगळे, बारावी. पोहे पुढे आले की मला तायडे बाईंच्या काडीचा वास येतो, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे.

तिच्या बाबांनी पुण्याला नाही म्हटलं. ओळख ना पाळख, कोणाच्या भरवशावर पाठवू, असं म्हणाले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

एसटी स्टँडवर मी तिची पेटी एका बाजूने धरून गेले. बाबा तिकडे गाडीची चौकशी करायला गेले. आम्ही दोघी पेटीवर बसलो. तिने मला सांगितलं, लग्न दिवाळीनंतर आहे, पण आत्याने आता नाही म्हटलंय, दुसरं कुणीतरी बघताहेत, त्याला पहिल्या बायकोचं एक मूल आहे. हे तिने बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. कावेरीची शाळा कालपासून बंद केली होती, चार दिवसांसाठी नाही, कायमची.

मी रडायला लागले. तिचे डोळे कोरडे होते.

"सुचे," ती म्हणाली, "एक विचारू? त्याईले नाव कापता आलं नसतं का वं?"

गाडी फलाटाला लागत होती. बाबा हात करून बोलावत होते. तिला खरं सांगायला माझ्याजवळ तेवढा वेळ होता, पुरेसा होता.

"नाही," मी म्हणाले. "तसं कापता येत नाही."

तिने थोडा विचार केला. मग तिने मान हलवली, तिला ते पटलं होतं.

"मंग तुहा काय दोष?" ती म्हणाली. "उगी राय. रडू नको." आणि तिने आपल्या ओढणीने माझे डोळे पुसले, आधी एक, मग दुसरा, आणि मी ते पुसू दिले.